जगलिंग आणि क्लब पासिंग

जगलिंग म्हणजे हातांच्या संख्येपेक्षा अधिक वस्तू ठरावीक लयीत सतत हवेत फेकण्याची व झेलण्याची कला होय. चेंडू, कड्या आणि क्लब ही या कलेची तीन प्रमुख साधने आहेत. क्लब म्हणजे एका टोकाला निमुळती मूठ व दुसऱ्या टोकाला फुगीर भाग असलेली, सुमारे ५० सेंमी लांबीची, लहान मुद्गलासारखी दिसणारी वस्तू. दोन किंवा अधिक व्यक्तींनी समोरासमोर उभे राहून, स्वतःचे जगलिंग न थांबवता एकमेकांकडे क्लब फेकण्याच्या प्रकारास क्लब पासिंग असे म्हणतात.

जगलिंग व पासिंग ही दोन्ही कौशल्ये आकृतिबंधांच्या चढत्या क्रमाने शिकली जातात. हा क्रम वस्तूंच्या संख्येवरून ठरतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात फेकीची उंची, तिची अचूकता आणि ठेका या तीन गोष्टींवरून काठिण्य ठरते. त्यामुळे सहा क्लबांचा एखादा आकृतिबंध सात क्लबांच्या आकृतिबंधापेक्षा कठीण असू शकतो.

मराठीत या कलेसाठी सर्वमान्य प्रतिशब्द रूढ झालेला नाही. इंग्रजीतील ‘जगलर’ हा शब्द पूर्वी हातचलाखी करणाऱ्या जादूगारांनाही लावला जात असे. आज मात्र तो फेकझेल करणाऱ्या कलावंतांपुरता मर्यादित झाला आहे.

इतिहास

इजिप्तमधील बेनी हसन येथील १५ क्रमांकाच्या थडग्यात चेंडू उडवणाऱ्या स्त्रियांचे भित्तिचित्र आहे. ते इ.स.पू. सुमारे २००० या काळातील असून जगलिंगचा सर्वांत जुना ज्ञात पुरावा मानले जाते. प्राचीन चीनमधील चू राज्याच्या श्योंग यिल्याव या योद्ध्याविषयी तो एकाच वेळी नऊ चेंडू खेळवत असे अशी परंपरागत कथा आहे. पॅसिफिक महासागरातील टोंगा बेटांवर मुली व स्त्रिया ‘हिको’ नावाचा खेळ खेळतात. त्यात बिया किंवा लिंबे वर्तुळाकार मार्गाने उडवली जातात.

संस्कृत साहित्यात कंदुकक्रीडेची वर्णने आढळतात. दंडीच्या ‘दशकुमारचरित’ या ग्रंथातील राजकन्या कंदुकावतीचे कंदुकनृत्य प्रसिद्ध आहे. मात्र त्यात चेंडू जमिनीवर आपटून खेळवण्यावर भर असल्याने त्यास आजच्या अर्थाने जगलिंग म्हणणे कठीण आहे. हेच महाराष्ट्रातील सागरगोट्यांच्या खेळाबाबतही म्हणता येईल. एक गोटा हवेत असताना दुसरे उचलण्याची त्यातील कसरत जगलिंगच्या जवळची आहे, परंतु त्यात अनेक वस्तूंचा सतत चालणारा ठेका नसतो.

१९व्या शतकाच्या आरंभी भारतीय कलावंतांनी ब्रिटनमधील रंगमंचांवर पितळी गोळ्यांचे खेळ करून दाखवले. त्यांपैकी रामो सामी हा विशेष गाजला. इंग्रज निबंधकार विल्यम हॅझलिट याने १८२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द इंडियन जगलर्स’ या निबंधात चार पितळी गोळे एकाच वेळी खेळवणाऱ्या भारतीय कलावंताचे वर्णन केले आहे. २०व्या शतकातील सर्वांत नावाजलेला जगलर म्हणून एनरिको रास्तेल्ली (१८९६–१९३१) या इटालियन कलावंताचा उल्लेख केला जातो.

क्लब या साधनाचा उगम भारतीय तालमीशी जोडलेला आहे. मुद्गल व जोडी फिरवण्याचा व्यायाम १९व्या शतकात ब्रिटिश सैन्याने उचलला आणि तो ‘इंडियन क्लब’ या नावाने युरोप-अमेरिकेत पसरला. त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकी रंगमंचावरील कलावंत हे क्लब फिरवण्याऐवजी फेकू लागले. पुढे क्लब अधिकाधिक हलके होत गेले. आजचे क्लब प्लास्टिकचे, आतून पोकळ व साधारणतः २०० ते २५० ग्रॅम वजनाचे असतात. तालमीतील मुद्गलाशी त्यांचे नाते आता केवळ आकारापुरते उरले आहे.

उंची आणि वेळ

अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन याने जगलिंगमधील वेळेचा संबंध एका समीकरणात मांडला. वस्तू हवेत असण्याचा व हातात असण्याचा काळ यांच्या बेरजेस हातांच्या संख्येने गुणले असता जी संख्या येते, तीच संख्या हात रिकामा असण्याचा व भरलेला असण्याचा काळ यांच्या बेरजेस वस्तूंच्या संख्येने गुणले असताही येते. म्हणजेच वस्तू वाढवायच्या असतील तर हात अधिक वेगाने चालवावेत किंवा वस्तू अधिक उंच फेकाव्यात, एवढेच दोन मार्ग उरतात. हातांच्या वेगाला लवकर मर्यादा पडते, त्यामुळे मुख्य भार उंचीवर येतो.

उदाहरणार्थ, प्रत्येक हात सेकंदाला दोन फेकी करीत असेल आणि प्रत्येक चेंडू ०.३ सेकंद हातात राहत असेल, तर तीन चेंडूंच्या आकृतिबंधात प्रत्येक चेंडू ०.४५ सेकंद हवेत राहिला पाहिजे. त्यासाठी तो हातापासून सुमारे २५ सेंमी उंच जावा लागतो. त्याच वेगाने चार चेंडूंसाठी सुमारे ६० सेंमी, पाच चेंडूंसाठी १.१ मीटर आणि सात चेंडूंसाठी सुमारे २.६ मीटर उंची लागते. उंची वाढली की फेकीच्या कोनातील चूकही त्याच प्रमाणात मोठी होते. तीन चेंडूंत दोन सेंमी बाजूला जाणारी फेक पाच चेंडूंच्या उंचीवर सुमारे नऊ सेंमी बाजूला जाते. तीन चेंडू काही दिवसांत जमणाऱ्या व्यक्तीला पाच चेंडूंसाठी बहुधा अनेक महिने का द्यावे लागतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

तीन चेंडूंचा कॅस्केड

बहुतेक सर्व शिक्षणक्रम तीन चेंडूंच्या कॅस्केडपासून सुरू होतात. यात प्रत्येक चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात आलटूनपालटून जातो आणि चेंडूंचा मार्ग आडव्या इंग्रजी आठसारखा दिसतो. सरावासाठी टप्पा न घेणारे चेंडू सोयीचे ठरतात. बाजरी किंवा मोहरी भरलेल्या, लिंबापेक्षा थोड्या मोठ्या कापडी पिशव्या घरीही शिवता येतात. त्या पडल्यावर लांब घरंगळत जात नाहीत, ही बाब नवशिक्याच्या दृष्टीने लहान नाही.

पहिल्या पायरीवर एकच चेंडू डोळ्यांच्या उंचीपर्यंत कमानीने एका हातातून दुसऱ्या हातात फेकला जातो. ही पायरी कंटाळवाणी वाटते व बरेच जण ती उरकून टाकतात, परंतु पुढची जवळजवळ प्रत्येक अडचण येथील ढिलाईतून निर्माण होते. दुसऱ्या पायरीवर दोन्ही हातांत एकेक चेंडू असतो. पहिला चेंडू कमानीच्या शिखरावर पोहोचला की दुसरा त्याच्या खालून, आतल्या बाजूने फेकायचा असतो. येथे दुसरा चेंडू वर फेकण्याऐवजी आडवा दुसऱ्या हातात सरकवण्याची चूक जवळपास सर्वांकडून होते. लहानपणी दोन खडे गोल फिरवण्याची सवय असल्यास ती अधिक पक्की असते. अशा वेळी सुरुवात कमजोर हाताने करावी, असा सल्ला दिला जातो. तिसऱ्या पायरीवर एका हातात दोन व दुसऱ्यात एक असे तीन चेंडू घेऊन आधी तीनच फेकी करून थांबतात, मग चार, मग पाच.

फेकी करताना पुढे चालत जाणे ही आणखी एक सार्वत्रिक चूक होय. चेंडू पुढच्या बाजूस फेकले गेल्याचे ते लक्षण असते आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिल्यास ते लवकर सुटते. एकूणच चेंडू सुटला तर दोष झेलणाऱ्या हाताला दिला जातो, पण तो बहुधा आधीच्या फेकीत असतो. नीट फेकलेला चेंडू हाताला शोधावा लागत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडगर जेम्स स्विफ्ट याने एका हाताने दोन चेंडू खेळवायला शिकणाऱ्यांच्या प्रगतीची नोंद ठेवून १९०३ मध्ये ती प्रसिद्ध केली. शिकण्याची प्रगती सरळ रेषेत न होता मधूनमधून थबकते, हे दाखवणाऱ्या आरंभीच्या अभ्यासांत तिची गणना होते. २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तीन महिने कॅस्केडचा सराव केलेल्या प्रौढांच्या मेंदूतील, हालचाल टिपण्याशी संबंधित भागांत करड्या द्रव्याची वाढ आढळली. सराव बंद केल्यावर ती वाढ कमी झाली.

साइटस्वॅप

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत व इंग्लंडमध्ये काही जगलर-गणितज्ञांनी स्वतंत्रपणे एक अंकलेखनपद्धती शोधून काढली. तिला साइटस्वॅप असे म्हणतात. हात आलटूनपालटून फेकतात व प्रत्येक फेक एका मात्रेवर पडते, असे तीत गृहीत धरलेले असते. फेकलेली वस्तू किती मात्रांनंतर पुन्हा फेकली जाईल, तो त्या फेकीचा अंक होय. विषम अंकाची फेक दुसऱ्या हातात जाते, सम अंकाची त्याच हातात परत येते. २ म्हणजे वस्तू हातातच धरून ठेवणे आणि ० म्हणजे हात रिकामा असणे. कॅस्केड हा केवळ ३ या अंकाने लिहिला जातो, तर चार चेंडूंचा फाउंटन ४ या अंकाने. फाउंटनमध्ये प्रत्येक हात आपले दोन चेंडू स्वतंत्रपणे खेळवतो व चेंडू एकमेकांच्या बाजूला जातच नाहीत, हे पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

अंकांची सरासरी ही वस्तूंची संख्या असते. ४४१, ५३१, ४२३ आणि ५१ हे सर्व तीन चेंडूंचे आकृतिबंध आहेत. मात्र सरासरी पूर्णांक असणे पुरेसे नाही. ४३२ ची सरासरीही तीनच येते, परंतु त्यातील तिन्ही चेंडू एकाच मात्रेवर खाली येतात, म्हणून तो आकृतिबंध अशक्य ठरतो. जो बुहलर, डेव्हिड आयझेनबड, रोनाल्ड ग्रॅहम व कॉलिन राइट यांनी १९९४ मध्ये अशा आकृतिबंधांची गणना प्रसिद्ध केली. दिलेल्या संख्येपेक्षा कमी चेंडूंचे व ठरावीक लांबीचे आकृतिबंध किती, हे त्या संख्येचा लांबीइतका घात घेतल्यास मिळते. चारपेक्षा कमी चेंडूंचे तीन फेकींचे आकृतिबंध अशा रीतीने ४ × ४ × ४ म्हणजे ६४ होतात.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने या पद्धतीचा खरा उपयोग पायऱ्या शोधण्यासाठी होतो. पाच चेंडूंचा कॅस्केड म्हणजे ५ उंचीच्या फेकींची अखंड मालिका. ती थेट सुरू करण्याऐवजी तीनच चेंडूंनी ५०५०५ किंवा ५५५०० हे आकृतिबंध केल्यास पाच चेंडूंची उंची व लय मिळते, पण चूक सावरायला रिकाम्या मात्रा हाताशी राहतात. त्यानंतर चार चेंडूंनी ५५२ व ५५५१ येतात. त्यांत विश्रांती कमी होत जाते. शेवटी पाचवा चेंडू हाती घेताना नवी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे विश्रांतीचा अभाव.

क्लबची ओळख

चेंडू कसाही फिरला तरी झेलता येतो. क्लब मात्र मूठ हातात येईल अशाच स्थितीत खाली यावा लागतो. नेहमीच्या फेकीत तो एक पूर्ण फेरी घेतो व तिला सिंगल म्हणतात. दोन फेऱ्यांची फेक डबल आणि तीन फेऱ्यांची ट्रिपल होय. फेरी मनगटाच्या झटक्याने द्यायची नसून हात वर उचलताना ती आपोआप मिळते. नवशिके बहुधा जास्त फेरी देतात व क्लब बोटांवर आपटतो. प्रथम एक क्लब व दोन चेंडू, मग दोन क्लब व एक चेंडू, असा मिश्र सराव केल्यास हे संक्रमण सोपे जाते. पासिंगकडे वळण्यापूर्वी तीन क्लबांचा कॅस्केड स्वतःच्या हातांकडे न पाहता व बोलता बोलता करता यावा, अशी अपेक्षा असते. ती पूर्ण न करता पुढे गेल्यास विद्यार्थ्याचे लक्ष स्वतःच्या क्लबांतच गुंतून राहते व समोरून येणारा क्लब त्याला उशिरा दिसतो.

पासिंगची मूळ रीत

दोन जगलर सुमारे दोन मीटर अंतरावर समोरासमोर उभे राहतात. प्रत्येकाच्या उजव्या हातात दोन व डाव्या हातात एक असे तीन क्लब असतात. दोघे हात एकदम वर उचलतात, एकदम खाली आणतात आणि पहिल्या मात्रेवर उजव्या हातातील क्लब जोडीदाराच्या डाव्या हाताकडे फेकतात. समोरासमोर उभे असल्याने एकाचा उजवा हात व दुसऱ्याचा डावा हात एकाच रेषेत येतात. त्यामुळे क्लब दोन समांतर मार्गांनी जातात व सहसा एकमेकांवर आदळत नाहीत. जोडीदाराकडे फेकलेल्या क्लबला पास व स्वतःच्या दुसऱ्या हाताकडे फेकलेल्या क्लबला सेल्फ म्हणतात.

पास हा कॅस्केडमधील एका फेकीचीच जागा घेतो. ठेका बदलत नाही, केवळ दिशा बदलते. हे कळले तरी अंगवळणी पडायला वेळ लागतो. पासच्या वेळी बहुतेक जण क्षणभर थांबतात, जोर लावतात किंवा घाईने पुढची फेक करतात आणि दोघांचा ठेका तुटतो. पास जोडीदाराच्या डाव्या खांद्याच्या थोडा बाहेर, त्याला सहज हात पुढे करता येईल असा यावा. पास केल्यानंतर लगेच डाव्या हाताने आपला क्लब सेल्फ करून तो हात मोकळा करावा लागतो, कारण जोडीदाराचा पास त्याच हातात येणार असतो. डावा हात भरलेलाच राहणे हे पहिल्या दिवसांतील क्लब पडण्याचे सर्वांत मोठे कारण आहे.

म्हणून सुरुवातीला एकच क्लब दोघांत इकडून तिकडे फेकला जातो. नंतर एक जण तीन क्लबांचा कॅस्केड करतो आणि दुसरा हातात एक क्लब घेऊन उभा राहतो. ‘आता’ म्हटल्यावर दोघे एकाच मात्रेवर पास करतात व एका क्लबची अदलाबदल होते. अनुभवी व्यक्तीने नवशिक्यासोबत सराव करणे दोन नवशिक्यांनी एकत्र शिकण्यापेक्षा कितीतरी सोपे असते, कारण मग बिघडणारा ठेका निदान एका बाजूने स्थिर राहतो.

मात्रांचा क्रम

सहा क्लबांच्या आकृतिबंधांची नावे किती मात्रांतून एकदा पास होतो यावरून पडली आहेत. चार मात्रांच्या प्रकारात, म्हणजे फोर-काउंटमध्ये, एक पास व तीन सेल्फ असतात. येथे पास जणू समेवर येतो आणि उरलेल्या तीन मात्रांत चुकलेला झेल सावरता येतो. हा प्रकार जवळपास सर्वत्र प्रथम शिकवला जातो. दोन मात्रांच्या प्रकारात, म्हणजे टू-काउंटमध्ये, उजव्या हाताची प्रत्येक फेक पास असते व सावरण्यासाठी एकच सेल्फ उरतो. एक मात्रेच्या प्रकारात दोन्ही हातांची प्रत्येक फेक पास होते.

तीन मात्रांचा प्रकार, म्हणजे थ्री-काउंट, या रांगेत नीट बसत नाही. एक पास व दोन सेल्फ या गणनेमुळे पास एकदा उजव्या व एकदा डाव्या हाताने येतो. संख्येचा विचार करता तो फोर-काउंट व टू-काउंट यांच्या मधला आहे, परंतु डाव्या हाताने पास करण्याची सवय नसल्याने अनेकांना तो टू-काउंटपेक्षा कठीण वाटतो. याच कारणाने पुष्कळ जण तो पुढे ढकलतात आणि वर्षानुवर्षे केवळ उजव्या हाताने पास करीत राहतात. पुढील बहुतेक आकृतिबंधांना दोन्ही हात लागत असल्याने फोर-काउंट स्थिर होताच थ्री-काउंट सुरू करणे अधिक हिताचे ठरते. पास, पास, सेल्फ हा प्रकारही तीन मात्रांचाच आहे, पण त्यात दोन पास लागोपाठ येतात व मोजणी चुकण्याची शक्यता वाढते.

सात क्लब

सातव्या क्लबमुळे दोघांची समानता मोडते. एकाकडे चार व दुसऱ्याकडे तीन क्लब असतात. सात क्लबांच्या टू-काउंटमध्ये चार क्लब असलेला जगलर आधी सुरुवात करतो आणि दुसरा एका मात्रेनंतर. एकाचा पास सुरू असताना दुसऱ्याचा सेल्फ सुरू असतो. पास डबल असतात, म्हणजे ते अधिक उंच व संथ जातात. डोळ्यांसमोरील जोडीदार आपल्याबरोबर फेकत नसल्याने त्याच्या हातांवरून ठेका धरण्याची जुनी सवय येथे उपयोगी पडत नाही. सात क्लबांच्या वन-काउंटमध्ये अंतर आणखी कमी होते व दोघांच्या फेकी अर्ध्या मात्रेच्या फरकाने पडतात. त्यात एक जगलर सरळ समोर व दुसरा तिरपे पास करतो. आठ क्लबांना पुन्हा दोघांकडे समान संख्या येते आणि ट्रिपल पासांचा टू-काउंट एकत्र सुरू करता येतो. तेथे अडचण ठेक्याऐवजी उंचीची असते.

सामूहिक रचना

तिघांच्या मूळ रचनेस फीड म्हणतात. एक जण दोघांसमोर उभा राहून टू-काउंट करतो व आळीपाळीने दोघांना पास देतो. समोरचे दोघे फक्त फोर-काउंट करतात. एकूण नऊ क्लब लागतात. फोर-काउंटच येणाऱ्या दोन नवशिक्यांना एका जाणत्या व्यक्तीबरोबर एकाच रचनेत घेता येत असल्याने प्रशिक्षणवर्गांत तिला विशेष स्थान आहे. चौघांच्या रचनेत चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर उभे राहून कर्णरेषेत पास केले जातात. मध्यभागी क्लब आदळू नयेत म्हणून दोन्ही जोड्यांचे पास वेगवेगळ्या मात्रांवर ठेवले जातात.

सरावातील संकेत

पडलेला क्लब आकृतिबंध चालू असताना वाकून उचलू नये, कारण जोडीदाराचा पास तोपर्यंत सुटलेला असतो. फोर-काउंटमध्ये एक क्लब कमी झाला तरी त्याची मात्रा मोकळी सोडून पुढे चालता येते व तसे करणे हा स्वतंत्र सराव मानला जातो. चुकीचा आलेला पास धडपडून झेलण्यापेक्षा तो पडू देणे इष्ट असते. अशा धडपडीतून पुढची फेक बिघडते व ती समोरच्याच्या तोंडावर येऊ शकते. पेटत्या मशाली किंवा सुऱ्या यांचे पासिंग प्रयोगांत दिसते, परंतु त्यातील फेकी साध्या क्लबांच्याच असतात व त्या आधी तशाच पक्क्या केलेल्या असाव्या लागतात.

संस्था व मेळावे

अमेरिकेत १९४७ मध्ये आंतरराष्ट्रीय जगलर संघटना स्थापन झाली. वर उल्लेखिलेले गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहम यांनी तिचे अध्यक्षपदही भूषवले होते. युरोपातील वार्षिक जगलिंग संमेलनाची सुरुवात १९७८ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटन येथे झाली. ते दरवर्षी वेगवेगळ्या देशांत भरते आणि तेथील मोठ्या सभागृहांत अनोळखी व्यक्तींनी समोरासमोर उभे राहून फोर-काउंटने सराव सुरू करणे ही नेहमीची गोष्ट आहे.